पीटर कोण, कुणालाच ठाऊक नाही

माजरीहून निघताना बायकोने विचारलं, "चैतूभाऊसंगचं भांडण मिटवाले चालले का?" मी मान हलवली. खरं तर भांडण कधी झालंच नव्हतं.

बसमधून वरोरा मागे पडलं तसे डोळे जड झाले. एक इंग्रजी शब्दप्रयोग मनात तरंगत होता: पीटर आउट होणं. कोळशाच्या खाणीत आमचे साहेब म्हणत, थर पीटर आउट झाला. म्हणजे तुटला नाही. पातळ होत हातभर, बोटभर, मग नुसती काळी रेघ, मग दगड. मूळ अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या बोलीतलं, असं कोशात सापडलं. पुढे ते पावसाला, गप्पांना, उत्साहालाही लागलं. पीटर कोण, कुणालाच ठाऊक नाही. कोणी सुरुंगाच्या दारूतल्या सॉल्टपीटरकडे बोट दाखवतं, कोणी येशूच्या पीटर नावाच्या शिष्याकडे, जो येशूला धरून नेल्यावर 'मी याला ओळखत नाही' म्हणाला. तिथे मी कोश मिटला.

चैतू आणि मी खाणीत एका पाळीत होतो. तो एटापल्लीकडे गावी परतल्यावर मी दर मोहाच्या हंगामात जायचो. मग वर्षाआड. मग नुसते फोन. मग तेही नाहीत. घरी भांडण सांगितलं. भांडणाला निदान कारण असतं.

गडचिरोलीनंतर जंगल. शेजारच्या बाई कोंबडी माझ्या मांडीवर ठेवून झोपल्या. मीही झोपलो आणि दोन गावं पुढे गेलो. काऊन उठवलं नाई, विचारलं तर कंडक्टर म्हणाला, "कोंबडीबी झोपली होती, भाऊ. कोणाकोणाले उठवू?"

मोहाच्या गोड वासातून पायी मागे आलो. चैतू अंगणात दोर वळत होता. त्याच्या बायकोने, सोमीबाईंनी, पेज (पातळ भात) दिली. ती पोटात गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

"कायचं भांडण सांगतलं?"

"तू माझी सायकल नेली म्हणून."

तो दोर वळतच राहिला. "मले सायकल चालवता कुठी येते?"

पहाटे सोमीबाईंनी नाल्याकाठी नेलं. इथे मोहाची झाडं घराघराची ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. पहिल्या भेटीत चैतूने एक झाड माझं म्हणून दिलं होतं. मी ते विसरलो होतो.

त्याखालचा पालापाचोळा झाडलेला होता. त्या स्वच्छ जागेवर, हरणांनी खाऊन उरलेली फुलं साचली होती: तळाला काळी, मग तपकिरी, वर आजची पिवळी.

"दर साली झाडता?"

"हो," सोमीबाई म्हणाल्या.

"मग वेचली काऊन नाई?"

"तुमचं झाड हाय, भाऊ. आमी कसे वेचू?"

मी खाली बसलो. टप, टप, फुलं पाठीवर पडत होती. थोड्या वेळाने चैतू मागून आला आणि रिकामी टोपली माझ्याजवळ ठेवून आपल्या झाडाकडे गेला.

माजरीला परतलो तेव्हा बायकोने पिशवीत हात घातला, फुलं हुंगली. मिटलं का, म्हणाली. भांडण नव्हतंच, मी म्हणालो. मीच जाणं सोडलं होतं. तिने फुलं सुपात पसरून उन्हात ठेवली. थर कुठे संपला हे मी इतकी वर्षं माझ्याच बाजूने पाहत होतो.