न वाचताच मान डोलावली

मंडळी, मी सांगते आहे आणि माझी नात सई टाइप करते आहे. मध्ये कुठे शहाणपणा दिसला तर तो तिचा.

आम्ही राहतो तो मुलूख बंगाली, पण माझं सगळं काम हिंदीवर चालतं. इथे आमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत चार वर्गांना मिळून एकच बाई आहेत. आज सकाळी एक बातमीदार मुलगी त्याची बातमी करायला आली. नोकरी जाईल या भीतीने बाई गप्प राहिल्या. मग मीच माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, बाईंच्या नावासकट. वर बजावलं, नाव मात्र छापू नकोस.

तिने लिहून फोन माझ्यापुढे धरला. "मासिमा, देख लीजिए, ठीक है ना?" इकडे मावशीला मासिमा म्हणतात.

मला एक अक्षरही वाचता येत नाही. पण एवढ्याशा पोरीसमोर कोण कबूल करणार? चष्मा नाकावर चढवला, भुवया आवळल्या आणि ऐटीत मान डोलावली.

दुपारी सईने फोनवर आलेली बातमी वाचून दाखवली. बाईंचं नाव पहिल्याच ओळीत!

तशीच शाळेत गेले. बाई रडवेल्या झाल्या होत्या. "ऑफिस में बुलाया है कल. वो लड़की बोली, आपने पढ़कर हाँ कहा." मी आल्या पावली मागे फिरले.

घरी येऊन त्या मुलीला फोनवर खरं सांगितलं. तिने नाव काढलं, पण वाचणाऱ्यांनी वाचलंच ना!

तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालते आहे. सई म्हणते, "आजी, बाईंनाही सांग ना, सोपं आहे."

सोपं? वाचता येत नाही, हे शाळेच्या बाईंनाच कोणत्या तोंडाने सांगू हो?