अंगठा लागला नाही

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत चोर पुष्कळ पकडले. पण एका निरपराध बाईला मी तीन तास ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं होतं.

कराडच्या अलीकडे हायवेलगतच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून चहाचा कप हातात घेतला, तेवढ्यात सत्तरीतली एक आजी पासबुक छातीशी धरून आत आली. नवरा साखर कारखान्यात होता, तो वारल्यावर मिळालेले पैसे तिच्या खात्यात होते. मुलगा फौजेत. घरी ती आणि सून, दोघीच.

"सायेब, काल ब्यांकंत समजलं, खात्यातनं साठ हजार गेल्यात. सुनंनं खाल्लं माझ्या."

"कशावरून?"

"पासबुक तिच्याजवळ असायचं, ट्रंकंची किल्ली तिच्याजवळ. मला वाचाया येत न्हाई. दुसरं कोन खानार?"

मला पटलं. घरातल्या चोरीचा चोर घरातच सापडतो, हा माझा अनुभव. अनुभवाचीही एक मस्ती असते, ती मला होती.

बँकेतून खातेउतारा मागवला. त्यात ना चेक, ना पैसे काढायची स्लिप. सगळी रक्कम अंगठ्यावर निघालेली. ज्या गावात बँक नसते तिथे एखादा दुकानदार लहानसं यंत्र घेऊन बसतो. आधार नंबर सांगायचा, अंगठा टेकवायचा, तो रोख पैसे हातात देतो. शेजारच्या गावातल्या अशा दुकानातून आजी दर महिन्याला दोन हजार काढायची, सोबत सून असायची. उताऱ्यात मात्र त्याच तारखांना आणखी दहा हजार निघालेले दिसत होते. सहा महिने, सहा वेळा. बँकेचे मेसेज यायला हवे होते, पण खात्याला नंबर जोडलेला होता वारलेल्या नवऱ्याचा, आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलं होतं.

चेकवरची सही खोटी असेल तर ताडून पाहता येते. इथे अंगठा आजीचाच होता. म्हणजे आजीला फसवून तो कुणीतरी लावून घेतला, आणि तिथे सुनेशिवाय होतं कोण? मी निकाल लावून मोकळा झालो.

कायद्याने बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी तिला गावच्या गिरणीसमोरून जीपने ठाण्यात आणलं. महिला शिपाई शेजारी उभी केली, एवढंच काय ते नियमाचं पाळलं. तिशीची बाई, पदर घट्ट ओढून बसलेली. "पैसे कुठे ठेवलेस?" हे मी किती वेळा विचारलं असेल! प्रत्येक वेळी उत्तर एकच, "म्या न्हाई घेतलं."

शेवटी तिनेच विचारलं, "सायेब, ते धा हजार कवा निघालं, त्येची येळ लिवल्याली असती का वो?"

"प्रश्न मी विचारतो," मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीचा फोन आला. "सायेब, सून घरात न्हाई. सकाळपास्नं न्हाई. मोबाईल हितंच टाकून गेलीया."

माहेरी फोन लावला, तिकडे नाही. एसटी स्टँडवर नाही. दोन शिपाई विहिरी बघायला धाडले आणि मी स्वतः नदीकाठाने निघालो. भेटेल त्याला विचारत होतो आणि उत्तर ऐकायची भीती वाटत होती. कुणीतरी वाळत घातलेलं हिरवं लुगडं तिचंच समजून मी धावत गेलो. चोरीची फिर्याद होती, आता तिचा अकस्मात मृत्यूचा कागद आपल्या हाताने लिहावा लागणार, हेच डोक्यात.

चारच्या सुमारास हवालदाराचा फोन आला. "सायेब, बाई घावली. जित्ती हाय."

शेजारच्या गावात, त्या दुकानासमोरच्या एसटी निवाऱ्यात ती पहिल्या गाडीपासून बसून होती. मी पोचलो तर उठलीसुद्धा नाही.

"नऊ बायका मोजल्या," ती म्हणाली. "चौघींचा अंगठा त्यानं दोनदा घेतला. 'लागला न्हाई मावशी, परत लावा' म्हनतोय. बायका डोस्क्याला अंगठा घासत्यात आन् परत टेकवत्यात. आत्याबाईंचाबी दर बारीला दोनदा व्हायचा. मीच म्हनायची, आत्या, केसाचं त्याल लावा." एवढं बोलून ती रडायला लागली.

खुरपणीने आणि राखेने भांडी घासून आमच्या बायकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजतात. यंत्र खरोखरच अनेकदा नाही म्हणतं. त्यामुळे दोष यंत्रवाल्याचा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, प्रत्येक बाई ओशाळून आपल्याच हाताकडे बघते.

तिने विचारलेली वेळ मी आता बँकेकडून मागवली. अकरा वाजून चार मिनिटांनी दहा हजार निघालेले, आणि त्यानंतर दोनच मिनिटांनी आजीचे दोन हजार. सहाही महिने हीच तऱ्हा. पंच घेऊन यंत्र जप्त केलं, पंचनामा केला, दुकानदाराला समोर बसवलं.

"रेंज जाते साहेब. पहिला अंगठा लागतच नाही."

"लागत नाही, मग त्याच मिनिटाला दहा हजार कसे निघाले?"

त्याने प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर अशाच लुबाडलेल्या अकरा म्हाताऱ्यांची नावं सांगितली.

तेव्हापासून 'पैसे कुणी नेले' हे विचारायच्या आधी 'पैसे कसे गेले' हे मी विचारत आलो. आणि भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला सांगतो, खात्याला चालू नंबर जोडा, अंगठा लावला की छापील पावती मागा, पासबुक दर महिन्याला भरून घ्या.

दोघींना ठाण्यात बोलावून मी आजीला म्हटलं, "आता सुनेला सांगा, चूक झाली म्हणून."

सून मान हलवत म्हणाली, "हितं नगं, सायेब. हितं मला कोन वळखतंय? आत्यांनी चोर म्हनलं ते गिरनीत. तितं म्हनू द्या."

मी जीप काढली. गिरणीत सात-आठ बायका दळणाचे डबे घेऊन रांगेत होत्या. मालकाने पट्टा थांबवला. आजी दारातच उभी राहून म्हणाली, "माझ्या सुनंनं पैसं न्हाई खाल्लं. म्या तिला उगाच चोर म्हनलं." सून खाली बघत होती.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण तिला ठाण्यात नेताना त्यांनी मलाही पाहिलं होतं. मी टोपी काढली आणि म्हणालो, "मीसुद्धा."