तेराव्या गाळ्याची कढी

कसालच्या बाजारात, हमरस्त्याच्या कडेला, नसीबाची खानावळ होती. सहा बाकं, एक काळा फळा आणि मागे चुलीची खोली. फळ्यावर रोज खडूनं एकच शब्द लिहिलेला असे, त्या दिवशीच्या माशाचा. बाकी सगळं ठरलेलं: घावणे, भात, सोलकढी. नवरा मुख्तार पहाटे मालवणच्या किनाऱ्यावरून मासे आणायचा आणि नसीबा कढी करायची. गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका लवकर गाठायची घाई असलेले ट्रकवालेसुद्धा गाडी बाजूला घेत आणि जेवूनच पुढे जात.

बांगड्याच्या कढीत तिरफळं सगळेच घालतात. पण नसीबाच्या कढीत तो वास आधी दारात येऊन भेटायचा, आणि घास तोंडात गेला की मागे सरकून नारळाला वाट द्यायचा. तिच्या स्वयंपाकघरात मापाचा चमचा कधी नव्हता. मीठ दोन मुठी. एक वाटपाबरोबर, दुसरी उकळी फुटल्यावर. मीठही शिरोड्याच्या मिठागराचं, खडे मीठ, मडक्यात ठेवलेलं.

वाटप वाटायला लक्ष्मी असे. खानावळीच्या मागच्या बाजूला तिचं घर, थोडी भातशेती, वर काजूची बाग. ही दोघींची वीस वर्षांची सोबत. रमजानात नसीबाचे रोजे असत, तेव्हा कढीचं मीठ लक्ष्मी बघायची. लक्ष्मीची संकष्टी असली की तिच्या घरच्या आमटीचं मीठ नसीबा बघायची. आता दर रमजानात एक संकष्टी येतेच. पुनव उलटून दोन-तीन दिवस झाले की एकीचा रोजा आणि दुसरीचा उपास एकाच दिवशी पडतो. त्या दिवशी खानावळ बंद. फळ्यावर काही लिहिलं नाही की गाव समजून घेई की आज मीठ बघायला कुणी नाही.

मग रस्ता चौपदरी झाला आणि गाड्या थांबेनाशा झाल्या. पाठोपाठ मुख्तार गेला. मुलगा शाहनवाज कतारला असतो. दर शुक्रवारी त्याचा फोन येई आणि दर शुक्रवारी तो तेच म्हणे, “अम्मा, आता बस कर.” यंदा रमजान लागला तेव्हा नसीबानं त्याला शब्द दिला. “ईदीपर्यंत थांब. तोपर्यंत काय झाला नाय तर कुलूप लावतंय आणि भांडी मोडीत घालतंय.”

तिचं लक्ष लागलं होतं वरच्या सड्याकडे. ज्या कातळावर आमच्या लहानपणी पावसाळ्यात फक्त रानफुलं असत, तिथे गेल्या दिवाळीत ‘मौजबेट’ सुरू झालं. उंच घसरगुंड्या, लाटांचा तलाव, फिरते पाळणे. आणि फाटकाबाहेर खाण्याची एक लांब गल्ली, तेरा गाळ्यांची. दर महिन्याला दोन-तीन नवे गाळे उघडत आणि आमची माणसं रविवारी नुसती बघायला जात. पिझ्झा, मोमो, चायनीज, तंदूर, गुजराती थाळी, डोसे, शोर्मा, सात रंगांचं आइस्क्रीम. वर घसरगुंडीवरून पोरं किंचाळत असतात आणि खाली माणसं कुठल्या कुठल्या मुलखाचं शांतपणे चावत असतात. तेरावा गाळा तेवढा बंद होता. त्यावर पाटी होती, ‘लवकरच – मालवणी’.

त्या गाळ्यासाठी तिघांना करून दाखवायला बोलावलं. एक मालवणचा हॉटेलवाला, एक कुडाळचा, आणि नसीबा. व्यवस्थापक विनीत पुण्याचा, बोलायला नम्र. त्यानं फोनवर तारीख सांगितली. नसीबानं भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि लक्ष्मीला हाक मारली.

“गो, त्या दिवशी संकष्टी.”

“आणि तुझो रोजो.”

“सोळावो.”

लक्ष्मीनं पाटा धुता धुता हात थांबवला. “मगे दुसरो दिवस माग.”

“मागलंय. चाखणारे पुण्यावरसून येतत, तेवढोच एक दिवस.”

“मगे आता?”

“आता काय? हात आसा मां माझो.”

सोमवारी सकाळी दोघी रिक्षानं वर गेल्या. मासे आणि मसाला आपला आणायचा, बाकी सगळं मौजबेटच्या भांडारातून घ्यायचं, असा नियम होता. फाटकावर रखवालदारानं पिशव्या उघडल्या. बांगडे बर्फात होते, मसाला डब्यात. तळाशी मिठाची पुरचुंडी निघाली.

“मावशी, ह्यां आत चलाचा नाय. माका हुकूम आसा.”

नसीबा हसली. “ठेव रे बाबा तुझ्याकडे. मीठ तां मीठ, खंयचा का असाना.”

ती तिची चूक. पण तेव्हा ती चूक आहे असं तिला वाटलं नाही, मलाही वाटलं नसतं.

गल्लीच्या मागे सगळ्या गाळ्यांची मिळून एक मोठी चुलखोली आहे. तिथे तिघांना तीन ओटे दिले होते. मालवणच्या हॉटेलवाल्याबरोबर दोन आचारी होते. दर पाच मिनिटांनी ते डाव घेऊन चाखत. नसीबाचा हात मात्र घरच्यासारखाच चालला होता. लक्ष्मीनं यंत्रात वाटप केलं आणि यंत्राला दोन शिव्या घातल्या. वाटप पातेल्यात पडलं. नसीबानं भांडारातल्या डब्यात हात घातला, मूठ भरली, पातेल्यावर उघडली.

आणि हात तसाच धरून उभी राहिली.

“लक्ष्मे, हयसर ये.”

“काय झाला?”

“मीठ हाताक चिकाटला.”

“मगे धुवन टाक.”

“अगो, आमचा मीठ कधी हाताक चिकाटता? ह्यां पीठ आसा पीठ.”

खडे मिठाची मूठ उघडली की तळहात कोरडा राहतो. खड्यांच्या मधे जितकी हवा असते तितकं मीठ कमी बसतं. हे पुडीतलं मीठ बारीक, दाबून बसलेलं. वीस वर्षांच्या मुठीनं एकदम दीडपट मीठ टाकलं होतं. की दुप्पट? ते सांगायला जीभ हवी होती.

लक्ष्मीनं चमचा उचलला. “दी माका. मी बघतंय. गणपती माझ्यावर रागावचो नाय.”

“गणपती रागावचो नाय, पण तू माका बारा म्हयने ऐकवतलंस.”

“मगे तू चाख. तुमच्या किताबात चलता म्हणतत, जिभेर ठेवन थुंकान टाकूचा.”

“माझी जीभ माका म्हायत आसा. एकदा चव लागली काय ती थुंकूक देवची नाय.”

लक्ष्मीला हसू आलं, पण पातेल्यात बुडबुडे यायला लागले होते. पाणी घालून कढी पातळ करणं नसीबाच्या हातून होणार नव्हतं. शेजारच्या आचाऱ्यांना विचारणं म्हणजे हातातला गाळा त्यांच्या हातात देणं. लक्ष्मीनं एका वाटीत कढी घेतली, दुसऱ्या हातात पाच-सात चमचे, आणि पदर खोचला.

“बारा दुकानां आसत. कोणाचीतरी जीभ उपाशी नसतली.”

उपास असलेली बाई माशाच्या कढीची वाटी घेऊन त्या चकचकीत गल्लीतून निघाली. तंदूरवाला अमृतसरकडचा. लक्ष्मी त्याला म्हणाली, “भाईसाब, जरा नमक देखो.” त्यानं चाखलं, डोळे मिटले. “नमक कम है, माताजी.”

“कमी?” लक्ष्मी मालवणीवर आली. “मेल्या, तुझी जीभ आसा काय चामड्याचो तुकडो?”

त्याला एक अक्षर कळलं नाही. तो हसला आणि तिच्या हातावर गरम नान ठेवू लागला. तिनं नको म्हणून हात जोडले.

मोमो करणारी मुलगी दार्जिलिंगची. तिनं चमचा तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिला मीठ सापडलंच नाही. चायनीजवाला म्हणाला, त्याच्याकडची एक पांढरी पूड चिमूटभर टाका, सगळं नीट होईल. थाळीवाल्या महाराजांनी वाटी लांबूनच बघितली आणि हात जोडले. त्यांच्याकडे मासा चालत नाही. लक्ष्मीनंही त्यांना हात जोडले, कारण निदान हा माणूस तरी आज तिच्यासारखाच होता.

गल्लीच्या शेवटी डोशांचा गाळा. तिथला गुरुप्रसाद मंगळूरचा, घरासमोर समुद्र असलेला. त्याची कोकणी म्हणजे आमच्या मालवणीची लांबची मावसबहीण. दोघांना अर्धं कळलं आणि अर्धं ते धरून चालले. त्यानं चमचा चाखला नाही. आधी विचारलं, “शिताबरोबर काय भाकरीबरोबर?”

लक्ष्मी परत आली तेव्हा तिला दम लागला होता. “एक म्हणता कमी, एक रडली, एक म्हणता पूड घाल. आणि तो टोकाचो मंगळूरचो, तेनी चाखच्या आधी इचारल्यान, शिताबरोबर काय भाकरीबरोबर?”

नसीबानं डाव खाली ठेवला. “असा इचारल्यान?”

“होय. मी म्हटलंय घावण्याबरोबर. मगे चाखल्यान आणि म्हणता, मीठ जास्त. शिताबरोबर चलला असता. मासे घातलंत काय म्हणान इचारल्यान. नाय म्हटलंय. तर म्हणता, माशांका लावलेला मीठ पण उतरतला. एका नारळाचो रस अजून घाल.”

भात अळणी असतो, तो मीठ मागतो. घावण्यात मीठ असतंच. हे ज्याला विचारावंसं वाटलं त्याची जीभ कुठल्या ताटावर वाढली आहे, हे नसीबाला आणखी सांगायची गरज नव्हती. दुसरी मूठ तिनं घातलीच नाही. एक नारळ फोडला, खवला, वाटून जाड रस काढला, तो घातला आणि मग बांगडे सोडले. गॅस बारीक केला.

चाखणारे तिघे होते, दोन पुरुष आणि एक बाई. मालवणच्या हॉटेलवाल्यानं सात वाट्या मांडल्या होत्या. नसीबाच्या ताटात एक वाटी आणि तीन घावणे. बाईंनी दुसरा घावणा मागितला, मग तिसरा.

चार वाजता विनीतनं तिला बोलावलं. “मावशी, गाळा तुम्हाला द्यायचा असं आमचं मत आहे. फक्त एक. सगळं सामान आमच्या भांडारातून येईल. चव रोज सारखी राहायला हवी ना.”

“तेल तुमचं घेते,” नसीबा कचेरीत बोलायच्या मराठीत म्हणाली. “गॅस तुमचा, तांदूळ तुमचा. मीठ माझं.”

विनीत हसला. “मीठ सगळं सारखंच असतं, मावशी.”

“सकाळी मलाही तसंच वाटलं होतं.” आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. मूठ, तळहात, बारा गाळे, गुरुप्रसाद. न सांगता गाळा घेता आला असता. लक्ष्मी दाराबाहेरून हातानं ‘गप रव, गप रव’ म्हणत होती.

विनीतचा चेहरा गंभीर झाला. “म्हणजे कढी बिघडली होती?”

“बिघडली होती, सुधारली. रोज सुधारायला मंगळूरला विचारायला जाऊ का?”

“मला वरती विचारावं लागेल,” तो म्हणाला.

“विचारा.”

सूर्य बुडाला तेव्हा दोघी फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत बसल्या होत्या. नसीबानं खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि मग डब्याचं झाकण काढून बोटभर कढी चाटली. सगळ्यांचं चाखून झाल्यावर ज्यानं केली त्याची पाळी.

“कशी आसा?” लक्ष्मीनं विचारलं. तिचा चंद्र उगवायला अजून खूप वेळ होता.

“तो मंगळूरचो बामण बरोबर बोललो.”

“तो बामण खंयचो? मासे खाता तो.”

“त्यांच्याकडे खातत.”

“मगे बरो आसा,” लक्ष्मी म्हणाली. “आणि तू शाणी. मिळालेलो गाळो मिठापायी घालवलंस.”

नसीबानं डब्याचं झाकण लावून तो लक्ष्मीच्या पिशवीत ठेवला, सकाळच्या भाकरीसाठी.

वरून काही कळलं नाही. दहा दिवस गेले, पंधरा गेले, ईद झाली. लक्ष्मीच्या घरी शीरखुर्म्याचं भांडं गेलं आणि रिकामं परत येताना त्यात काजूगर आले. नसीबानं शाहनवाजला दिलेला शब्द पाळला. खानावळीतली पितळी पातेली घासून अंगणात पालथी घातली. मोडवाला गुरुवारी येणार होता.

बुधवारी दुपारी विनीत स्वतः आला, मोटारसायकलवरून, हातात कागद. खडे मीठ, महिन्याला चार किलो, बंद बरणीतून, फाटकावर नोंद करून. खाली सही आणि शिक्का. नसीबाला वाचता येत होतं, तरी तिनं त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग फोन लावला आणि कतारला सांगितलं, “भांडी मोडीत जावची नाय. रागावलंस तर रागाव.” पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण तिला फोनवर बराच वेळ ऐकत उभं राहावं लागलं.

मेच्या सुट्टीत तेरावा गाळा उघडला. पहिल्या दिवशी फाटकावर तोच रखवालदार होता. त्यानं बरणी उघडून पाहिली, वहीत लिहिलं, आणि त्या सोमवारी ठेवून घेतलेली जुनी पुरचुंडी खणातून काढून परत दिली. इतके दिवस त्यानं ती जपून ठेवली होती.

अकरा वाजता पितळी पातेल्यात उकळी फुटली. नसीबानं दुसरी मूठ घातली, हात उघडून बघितला. कोरडा. बाहेर पाच माणसं उभी होती आणि तंदूरवाला सहावा. त्या दिवशी रोजा नव्हता, संकष्टीही नव्हती. डाव तिच्याच हातात होता.

“लक्ष्मे,” तिनं हाक मारली, “मीठ बघ गो.”

“तुझ्या जिभेक काय झाला?”

“बघ म्हटलंय मां.”

लक्ष्मीनं हात पुसले, पुढे आली आणि तळहातावर कढीचा थेंब घेतला.