कोप नव्हता, सूज होती

गौरी जेवल्या त्या दिवशी सकाळी मी देवीला मळवट भरत होते. उदबत्तीच्या धुरानं डावा डोळा झोंबला म्हणून मिटला, तर समोरचं लालभडक कुंकू एकदम विटकरी दिसायला लागलं. डोळा उघडला, लाल. मिटला, पुन्हा विटकरी. कुंकवात काही खोट नव्हती. उजव्या डोळ्याला रंग दिसेनासा झाला होता. दोन-तीन दिवस तो डोळा फिरवला की आतून ठणकत होता, पण घरात गौरी-गणपती, त्यात डोळ्याकडं कोण बघतंय?

आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याकडं जाताना. आम्ही गुरव. मालक शिरवळला कंपनीत जातात, त्यांच्या पाळ्या बदलत्या, म्हणून लग्न झाल्यापासून सकाळची पूजा माझ्याकडं आहे. चौदा वर्षं देवीला न्हाऊ-माखू घालतेय. त्या आठवडाभरात तिचं तोंडच मला उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं. मधोमध राखाडी डाग, कडेनं थोडा मुकुट. चूल पेटवली किंवा पायऱ्या चढून आले की डाग आणखी पसरायचा.

मी काही गप्प बसले नाही. डोळ्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी थेंब टाकून पडदा पाहिला आणि म्हणाले, डोळा चांगला आहे, मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबर काढून घ्या. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. वर मालकांकडं बघून म्हणाले, "बाईंना विश्रांती द्या, मनावर ताण दिसतोय." मी तिथंच म्हटलं, "डॉक्टर, ताण आल्यावर एकाच डोळ्याचा लाल रंग जातो का?" ते हसले. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

गावात वेगळंच चाललं होतं. पितृपंधरवड्यात देवळात बैठक बसली. आमच्या भावकीतले थोरले अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाई, राग मानू नका. पर कुकवाचा रंग दिसंना म्हंजी देवीचा कोपच की. पूजेत काय चुकलं आसंल. औंदा घट धाकट्या घरानं बसवावं." सासूबाईंनी मान खाली घातली. मालक काही बोलायच्या आत मीच उठले. म्हटलं, "अण्णा, देवी कोपली आसंल तर मला सांगंल. रोज म्याच असते तिच्याम्होरं. तिनं माझ्यापाशी काय बोलायचं ते तुमच्या तोंडून कशाला बोलंल? घट म्याच बसवणार."

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मी देवीशीही भांडले. खोटं कशाला सांगू? तिला म्हटलं, चौदा वर्षांत तुझा एक दिवस चुकवला नाही. मी नवस बोलणार नाही, क्षमाही मागणार नाही, कारण मी काही केलेलं नाही. डोळा ठेवायचा तर ठेव, न्यायचा तर ने, पण हे काय आहे ते मला कळू दे. एवढं बोलले आणि तिथंच बसून रडले.

त्या शुक्रवारी माहेरी भोरला गेले. चष्मा करून टाकावा आणि विषय संपवावा, असं भाऊ म्हणत होता. त्याच्या ओळखीचं चष्म्याचं दुकान बंद निघालं. दुपार झाली होती. पलीकडच्या आळीत एक वयस्कर मुसलमान गृहस्थ आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढत होते. टोपी घातलेली, नमाजला निघालेले. भावानं विचारलं, "चाचा, नंबर काढायचा होता. नंतर येऊ का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ऊन लागू नये म्हणून उजवा डोळा तळहातानं झाकला होता. काय मनात आलं त्यांच्या, कोण जाणे. त्यांनी शटर पुन्हा वर ढकललं. "या आत. नमाज मी घरी पढीन."

त्यांनी एकामागून एक काचा लावल्या. उजव्या डोळ्याला एकाही काचेनं फरक पडला नाही. मग काचा बाजूला ठेवून त्यांनी चष्म्याची एक लाल मखमली डबी माझ्यासमोर धरली. आधी एका डोळ्यानं बघायला लावलं, मग दुसऱ्या.

"सारखीच दिसती का, ताई?"

"नाही. उजव्यानं विटकरी दिसतीय."

"डोळा हलवला की दुखतो?"

मी दचकले. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी बॅटरी आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांवर धरली आणि खाली बसले.

"मी तुम्हाला चष्मा देणार न्हाई," ते म्हणाले. "माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं. मी ह्याच धंद्यातला, तरी तिला तीन चष्मे करून दिले. डोळ्याला काय झालेलं नसतं. डोळ्यामागं जी नस मेंदूकडं जाती, ती सुजती. बाहेरून बघणाऱ्याला पुष्कळदा दिसत न्हाई. तुमी हितनं घरी जाऊ नका. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांकडं जा. आजच."

"बहिणीचा डोळा?"

"लई उशीर झाला होता," एवढंच ते बोलले, आणि एका कागदावर त्यांनी चार ओळी लिहून दिल्या.

भाऊ मला तसाच पुण्याला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "कुणी लिहिलंय हे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर लिहिलंय." मेंदूचा एमआरआय झाला आणि माझ्या दुखण्याला नाव मिळालं, ऑप्टिक न्यूरायटिस. आपल्याच शरीराची राखण करणारी शक्ती उलटून डोळ्याच्या नसेवर जाते आणि नस सुजते, असं त्यांनी समजावलं. का होतं ते त्यांनाही लगेच सांगता येईना. मला मात्र त्या नावानं रडू फुटलं. मी वेडी नव्हते. पापी तर मुळीच नव्हते.

पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. चौथ्या दिवशी राखाडी डागातून खिडकीचे गज दिसायला लागले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घरी आले. तोंड सुजलेलं, हात सुयांनी काळानिळा. त्याच हातांनी मी घट बसवले. अण्णा समोर होते.

डोळा पुष्कळसा आला, सगळा नाही. उजव्या डोळ्याला लाल अजून फिकाच दिसतो. हे पुन्हा येऊ शकतं. तपासण्या चालू आहेत, काही रिपोर्टांचा अर्थ अजून लागायचाय. चाचांना पेढे द्यायला गेले तर म्हणाले, "म्या काय केलं? फकस्त चष्मा विकला न्हाई." त्यांना मी काय सांगणार? माझ्यासाठी देवी त्या दुपारी टोपी घालून शटरापाशी उभी होती. कुणाला पटो न पटो, मी वाद घालत नाही. तिच्यावर भार टाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. मी चालायचं, विचारायचं, भांडायचं. पुढं कोणतं दार उघडं मिळंल ते तिच्या हाती.

परवा मार्गासनीची एक बाई लेकीला घेऊन देवळात आली. पोरीचा अर्धा हात आठ दिवस बधिर होता. "काय चुकलं आसंल तर देवीला इचारा की, ताई," ती म्हणाली. मी पोरीच्या कपाळाला अंगारा लावला, देवीसमोर तिच्यासोबत डोकं टेकलं. मग देवळाला कुलूप घातलं, चप्पल पायात सरकवली आणि म्हटलं, "तिचं काय बी चुकलेलं न्हाई. एसटी यायला दहा मिनिटं हायेत. चला, मी येते तुमच्यासंगं."