अळी असलेला फ्लॉवर

आमच्या बरणीत एक खंडोबाचा किडा राहतो. बोटाएवढा हिरवा जीव, पण भूक पैलवानाची. जेवण उशिरा दिलं तर एक दिवस बरणीसकट मलाही खाईल. पुढचे दोन पाय जोडून असा बसतो, की नैवेद्यासाठी देवच भक्ताच्या विनवण्या करतोय असं वाटावं.

याच्या आधीचा किडा सोसायटीच्या बागेतला नाकतोडा खाऊन तडफडून मेला. बागेत आदल्याच दिवशी औषध फवारलं होतं. तेव्हापासून मला पानापानाचा संशय येतो. आज तर किड्याच्या जेवणासाठी मी अख्खा बाजार पालथा घातला.

“मावशी, अळी असलेला फ्लॉवर आहे का?”

भाजीवाली भडकली. “सकाळी सकाळी थट्टा करता का, दादा? माझ्या फ्लॉवरला अळी तोंडसुद्धा लावत नाही!”

“तीच तर भीती आहे ना, मावशी!”

तिने रागारागाने सगळ्यात पांढराशुभ्र गड्डा माझ्या पिशवीत कोंबला.

दुपारी बायकोने त्याची झकास भाजी केली. पहिला घास उचलला आणि बरणीकडे नजर गेली. किडा उपाशीच होता, हात जोडून माझ्याकडे एकटक बघत होता. ते हात त्याने स्वतःच्या भुकेसाठी जोडले होते की माझ्यासाठी, मला कळेना. घास हातातच राहिला.