न हलवलेली बाटली

घाण्यावरून खोबरेल तेल आणलं की आमच्या घरी त्याची बाटली आठवडाभर कोनाड्यात उभी ठेवायची पद्धत होती. कोणी हात लावायचा नाही. गाळ खाली बसला की वरचं निवळ तेल हळूच ओतून घ्यायचं. लहानपणी ती बाटली हलवली म्हणून मी आईचा मार खाल्ला आहे. तेव्हापासून तेलाची बाटली हलवायची नाही हे हातात बसलं, ते म्हातारपणापर्यंत. त्या सवयीने माझ्या घरात काय केलं ते आता खरं लिहितो. आजवर खोटं सांगत आलो.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी वाचनालयात जमायचं आणि पेपरातल्या विषयावर भांडायचं, असं आमचं चालतं. गांजावरची बंदी उठवावी की नाही हा विषय निघाला तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पोस्टातून निवृत्त झालेला मित्र म्हणाला, "मास्तर, नाक्यार दारूचा दुकान आसा, ता तुमका दिसना नाय. ह्या पाल्याचाच बरा वावडा!"

"तो पालो खावनच तू असो झालंस," मी म्हटलं. सगळे हसले. मी जिंकलो असं मला वाटलं.

त्याच सुमारास बायकोला नागीण झाली. फोड सुकले, पण आग राहिली. उजव्या बरगडीखाली कोणी निखारा धरून बसावं तशी. पोलक्याचा स्पर्श सहन होईना. गोळ्यांनी गुंगी यायची, आग तशीच. महिनोन् महिने ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "माका काय तरी द्या ओ. काय पण द्या."

तिच्या गोव्यातल्या भाच्याने एक बाटली आणून दिली. गांजाचा अर्क घातलेलं तेल. वर हिरवं पान छापलेलं आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं. थेंबात अर्क किती, कोणी बनवलं, कधी बनवलं, कुठे तपासलं, यातलं काहीच नव्हतं. कणकवलीच्या डॉक्टरांनी पूर्वीच बजावलं होतं, "परवाना घेऊन बनवलेली औषधं मिळतात, ती चिठ्ठीवर. बाहेरून काही आणलंत तर आधी मला दाखवा." मी दाखवलं नाही. त्यांचा कंपाउंडर आमच्या गावचा. त्याला कळलं असतं तर वाचनालयाला कळलं असतं.

सकाळी दोन थेंब तिच्या जिभेखाली टाकायचो. फरक नाही. मग चार. मग आठ. तळाशी काळपट हिरवा थर बसलेला दिसत होता. मला वाटलं, गाळ. थेंब टाकायची नळी त्याला लागू नये म्हणून जपून वरच्या वर बुडवायचो. न विरघळलेला पदार्थ तळाशी बसतो, ढवळल्याशिवाय सगळीकडे सारखा होत नाही, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

थेंब पंधरावर गेले. तरी काही नाही. मग एका रविवारी वरचं तेल संपलं. ती रडत होती. मी तो थर कोमट करून नळीत ओढला आणि पंधरा थेंब मोजून दिले. पंधरांनी आजवर काही झालं नव्हतं ना! आणि मी वाचनालयात गेलो.

तासा-दीड तासाने शेजारीण धावत आली. "मास्तरांनू, चला बेगीन! बाई पडली! खळा हलता, खळा हलता म्हणा होती!"

खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या पायरीखाली ती आडवी पडली होती. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी गाळ समजलो तो थर अर्काचाच होता.

डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं?"

"तिनेच घेतलं," मी म्हटलं. "मला न विचारता."

शुद्धीवर आली तेव्हा तिला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. डॉक्टरांचं ऐकून तिने विचारलं, "माज्या हातान जास्ती पडला काय ओ?" मी म्हटलं, "हां." एवढंच. पुढच्याच महिन्यात वाचनालयात उभं राहून मी म्हणालो, आमच्याच घरात बघा, बायकोने लपून घेतलं आणि काय झालं. बंदी हवीच. पोस्टातला मित्र उठून जवळ आला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

बंदी राहावी की जावी, यावर मला आता बोलायला तोंड नाही. आम्ही दोन्ही बाजूंनी ओरडत होतो, पण बाटलीत काय आहे हे कोणी विचारत नव्हतं. विकणाऱ्याला काही लिहावं लागलं नाही, आणि मी अब्रूसाठी कोणाला विचारलं नाही.

ती तेव्हापासून खाटेवर आहे. आग अजून आहे. स्वतःच्या हाताने ती गोळी घेत नाही. "माज्या हाताचो भरवसो नाय," म्हणते, आणि माझ्यापुढे तोंड उघडते. रोज सकाळ-संध्याकाळ. माझ्याच हाताने, म्हणून विश्वासाने. तिचं ते उघडं तोंड मला बघवेना.

काल दुपारी सांगितलं. सगळं, कंपाउंडरपासून. तिने हात पुढे केला. मग म्हणाली, "गोळये हडे द्या." पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि गोळी काढू लागली. गोळी निसटून खाटेखाली गेली. मी वाकलो.

"हात लाव नुको," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "पयलो वाचनालयात जावन सांग. सगळ्यांका. माजा नाव घेतलंस ना तू थंय?"

दुसरी गोळी तिने स्वतः घेतली. पहिली खाटेखालीच आहे. परवा रविवार. हे कागद मी वाचनालयात उभं राहून वाचणार आहे. त्यानंतर ती मला खाटेजवळ येऊ देईल की नाही, हे मला माहीत नाही.