सुंदराचं काळं जाळं

उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची सुंदरा दर हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेत रानऔषधं विकायला बसते. हिरडा, बेहडा, गुळवेल, मुरुडशेंग असा सगळा माल गोणपाटावर मांडलेला असतो. पोट कशानं दुखतं ते गिऱ्हाईकाला दोनदा विचारल्याशिवाय ती मुळी हातात देत नाही. नवरा महादू तिच्याबरोबर रानात जातो, पण जत्रेतली गर्दी त्याला सोसत नाही.

मागे एका फिरत्या विक्रेत्यानं मूठभर मुरुडशेंगा घेतल्या आणि बदल्यात तिला एक काळं, पंख्यासारखं पसरलेलं जाळं दिलं. "इंद्रजाल हाय मावशी, समुद्रातलं. दारावर टांग, दृष्ट लागत नाय." सुंदरानं ते गोणपाटाच्या वर काठीला टांगलं. लोक थांबून विचारू लागले. मग तिला रानातली गोष्ट आठवली. कातळाला चिकटून वाढलेल्या पायरीच्या झाडाच्या मुळ्या अशाच जाळीदार होतात. तिनं तशा काही जाळ्या अलगद सोडवल्या, चुलीवरच्या धुरात काळ्या केल्या आणि विकायला ठेवल्या. "रानातल्या मुळ्या हायेत," असं ती सांगायची. गिऱ्हाईक ऐकायचं आणि तरी इंद्रजाल म्हणूनच न्यायचं.

यंदा जत्रेत वनखात्याची माणसं आली. त्यांनी सगळी जाळी उतरवून घेतली. साहेब शांतपणे म्हणाले, "मावशी, इंद्रजाल म्हणजे समुद्रपंखे. हे तेच असतील तर फार मोठा गुन्हा आहे. वाघाइतकंच संरक्षण आहे त्यांना."

"वाघ?" सुंदरा हादरली. "साहेब, ह्या मुळ्या हायेत वो."

"तपासून घेतो. तोवर गाव सोडून जाऊ नका."

सुंदराला मुळ्यांची भीती नव्हती. भीती होती ती त्या टांगलेल्या एका जाळ्याची. घरी आल्यावर तिनं महादूला सगळं सांगून विचारलं, "ते खरंच समुद्रातलं आसंल तर?" त्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही. रानात जायचीही हिंमत होईना. कुठली फांदी उद्या काय ठरेल, कोण जाणे.

जाळी तपासायला मुरबाडच्या मिताली मॅडमकडे गेली. मिताली शेतकऱ्याची मुलगी, आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मऊ प्रवाळांवर तिनं बरीच वर्षं काम केलं होतं. तिनं सुंदराला बोलावून घेतलं. सुंदरा महादूला घेऊन गेली आणि खुर्चीवर न बसता म्हणाली, "बाय, आधी सांगते. मुळ्या माझ्या. पन ते मोठं जाळं मी दुसऱ्याकडनं घेतलंय. तो समुद्रातलं म्हनत होता."

"बरं झालं सांगितलंत, मावशी. बसा आधी." मितालीनं काचेच्या बरणीतला एक जांभळा पंखा पुढे केला. "हा खरा समुद्रपंखा. हे झाड नाही, प्राणी आहे. याच्या अंगावर बारीक बारीक जीव असतात, प्रत्येकाला आठ हात. मऊ प्रवाळही आठ हातांचेच, म्हणजे याचे भाऊबंद."

"म्हंजे आमच्यात कूळ आसतं तसं?"

"अगदी तसंच. आणि त्यांच्या मांसात वाळूसारखे चुनखडीचे कण असतात. कणांचा आकार बघून कोण कुठल्या घरचा ते ठरवतात, मग नाव देतात. आता तर रक्ताचं नातं तपासून जुनी घरं मोडली, नवी मांडली. कित्येकांची घराणी बदलली."

सुंदराचा चेहरा उतरला. "मंग आज तुमी मूळ म्हनाल, आन उद्या घरं बदलली की माझ्या मुळ्या प्रानी व्हतील?"

मिताली हसली नाही. "नाही होणार. प्राण्यांची घरं प्राण्यांतच बदलतात. झाडाचं मूळ त्यांच्यात जात नाही."

तिनं मुळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सुंदराला बघायला लावलं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची गोल गोल तोंडं दिसत होती. "हे लाकूड. तुमच्या सगळ्या जाळ्या अशाच निघाल्या."

"आन ते मोठं?"

मितालीनं ते जाळं उचललं. "याचाही काप बघितला. लाकडाच्या नळ्या नाहीत, प्राण्याचे थरही नाहीत. तुमच्यासमोरच दाखवते." तिनं सुई दिव्यावर तापवली आणि फांदीच्या टोकाला लावली. टोक वितळलं, तार ओढली गेली, आणि खोलीत जळक्या बादलीसारखा वास पसरला.

महादू आधी बोलला. "पलास्टिक?"

"प्लास्टिक. साच्यातून काढलेलं."

सुंदरा खाली बसली ती जमिनीवरच. तोंडावर पदर धरून रडली आणि रडता रडताच हसायला लागली. "मेल्यानं फसवलं मला! बरं झालं गो बाय, फसवलं त्यानं! खरं दिलं आसतं तर मी गेली व्हते!"

मितालीनं निष्कर्ष कळवला तेव्हा साहेबांनीही मोकळा श्वास घेतला. त्यांना या बाईवर गुन्हा दाखल करायची हौस नव्हती. त्यांनी मुळ्या परत दिल्या. एवढंच बजावलं की इंद्रजाल म्हणून काहीही विकायचं नाही, आणि तो विक्रेता दिसला तर कळवायचं. "कळवते की," सुंदरा म्हणाली. "पन आधी त्याला माझ्या मुरुडशेंगा परत मागते."

परतताना खर्डीला उतरून दोघांनी गरम भजी खाल्ली. सुंदरानं महादूच्या पानातलीही संपवली आणि आणखी एक प्लेट सांगितली.